मदत हवी आहे: कुलूपबंद टॅबवर ऑफलाइन ईपब (ई-पुस्तक) कसं वाचायचं?

नागपुरात महालातल्या आमच्या वाचनालयाला एका कंपनीने जुने अँड्रॉइड टॅब वापरायला दिलेत. त्यांचं एमडीएम (टॅबवर दुरून ताबा ठेवणारी प्रणाली) मात्र तसंच आहे. 'अज्ञात स्रोत' (बाहेरून ॲप टाकायची सोय) बंद, ओईएम अनलॉकिंगही (टॅबची मूळ प्रणाली बदलायची मुभा) बंद. म्हणजे एफ-ड्रॉइड (मुक्त ॲपचं भांडार) नाही की कुठलं मुक्त ॲप नाही. फॅक्टरी रीसेट केलं तरी नेट जोडताच तीच नोंदणी परत येते. कंपनीला मेल केलाय, उत्तर नाही. टॅब कागदोपत्री त्यांचेच, त्यामुळे लॉक तोडायचं नाही.

क्रोम तेवढं चालतं. म्हणून लिनक्स लॅपटॉपवर कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरचा कंटेंट सर्व्हर (ब्राउझरला पुस्तकं पुरवणारा भाग) लावला, टॅबच्या क्रोममध्ये लॅपटॉपचा पत्ता 8080 पोर्टसह उघडला, आणि मराठी ईपब ब्राउझरमध्ये झकास दिसलं, जोडाक्षरांसकट. कृपया पीडीएफ सुचवू नका. छोट्या पडद्यावर अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर पळते, आणि आमचे बरेच वाचक साठीपुढचे आहेत.

अडचण अशी की वाचक टॅब घरी नेतात, तिथे आमचं वायफाय नाही. क्रोम बंद करून पुन्हा उघडलं की पान सर्व्हर शोधत बसतं. सर्व्हिस वर्करवर (पान ब्राउझरमध्ये साठवून नेटशिवाय चालवणारी सोय) चालणारा मुक्त ईपब वाचक-प्रोग्रॅम ठेवावा म्हटलं, तर त्याला एचटीटीपीएस (सर्टिफिकेट लागणारी सुरक्षित जोडणी) लागतं आणि एमडीएम स्वतःचं सर्टिफिकेट टाकू देत नाही.

ॲप किंवा सर्टिफिकेट न टाकता, निव्वळ क्रोमवर ऑफलाइन ईपब कोणी चालवलंय का? कुठला वाचक-प्रोग्रॅम वापरलात, आणि एचटीटीपीएसचं कसं जमवलंत?