आधी रात्री बॅटरी घेऊन बघा
दादा, तुमच्या समुद्री टाकीच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दिसल्या म्हणून सरसकट काढू नका. जळगावला माझ्याकडेही टाकीसाठी आणलेल्या खडकासोबत अशाच आल्या होत्या. गोल, बुटक्या, दिवसा खडकाखाली दडून दिवे गेल्यावरच बाहेर येणाऱ्या असतील तर त्या बहुधा कोलोनिस्टा नावाच्या निरुपद्रवी गोगलगायी. शेवाळ खातात, प्रवाळाला त्रास देत नाहीत; राहू द्या बिचाऱ्यांना. भीती आहे ती पिरॅमिडेलिड या परजीवी गोगलगायीची: पांढरी, टोकदार, तांदळाच्या कणीसारखी, जेमतेम २-३ मिलिमीटर. ती सोंड खुपसून टाकीतल्या जिवंत शिंपल्याचा, टर्बो नावाच्या मोठ्या गोगलगायीचा रस शोषते. म्हणून टर्बोच्या कवचाचं तोंड आणि शिंपल्याची कड रात्री नीट तपासा. पांढरे कण चिकटलेले असतील तर मऊ टूथब्रशने काढा, जेलीसारखी अंडीही पुसा. कवचाचा जवळून एक फोटो टाका ना.