वडिलांच्या प्लेटलेटचा कोणता आकडा खरा मानावा?

प्रश्न (रत्नागिरी): डेंग्यू झालेल्या वडिलांच्या प्लेटलेट सकाळी एका प्रयोगशाळेत १८,००० आणि तासाभराने दुसरीकडे ३१,००० आल्या. कोणता आकडा धरावा?

उत्तर (मालवण, तंत्रज्ञ): विद्युतरोधावरून कण मोजणारे यंत्र तांबड्या पेशींचे तुकडेही प्लेटलेट समजते आणि मोठ्या प्लेटलेट मात्र वगळते, म्हणून इतक्या खालच्या पातळीवर अशी तफावत पडू शकते. रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली का, हे आधी विचारा. माझ्या मते तेच महत्त्वाचे.

उत्तर (चिपळूण): पट्टीच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसल्यास जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेले रसायन) आकडा खोटा कमी आलेला असू शकतो. तेव्हा निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत नमुना घेतात; तिच्यातील द्रवाने रक्त थोडे पातळ होते, म्हणून येणारी संख्या १.१ ने गुणतात.

उत्तर (मालवण): प्लेटलेट ओळखायला फ्लुरोसंट (प्रकाशात चमकणारा) रंग वापरणारी यंत्रे कमी संख्येत अधिक भरवशाची असतात. मात्र हिरड्यांतून रक्त येत असेल, तर फेरतपासणीसाठी थांबू नका, तातडीने डॉक्टरांकडे न्या.