नैरोबीतील वस्तीशाळेत महिनाभराची सेवा : तयारी कशाची करावी, आणि मुळात जावे का?

मृदुला_के
मी पुण्यातील एका शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांना गणित शिकवते. येत्या उन्हाळी सुट्टीत नैरोबीच्या मथारे वस्तीतील एका लहान शाळेत महिनाभर विनामोबदला शिकवण्याचा विचार आहे. केनियात २००३ पासून सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झाले असले, तरी अशा वस्त्यांत सरकारी शाळा पुऱ्या पडत नाहीत आणि ती उणीव जुजबी फी व देणग्यांवर चालणाऱ्या छोट्या शाळा भरून काढतात. तिकडचा अभ्यासक्रम मी वाचायला घेतला आहे आणि पोलिसांच्या चारित्र्य दाखल्यासाठी पासपोर्ट कार्यालयाकडे अर्जही केला आहे. ज्याला शिकवण्याची सवय आहे आणि जो तयारीनिशी जातो, त्याचा महिना वाया जात नाही, असे माझे मत आहे. सहकारी मात्र याला सेवेच्या नावाखाली केलेली सहल म्हणतात. आपणास काय वाटते?

विनायक_प
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. नोंदणी असूनही नेमणुकीची वाट पाहत बसलेले प्रशिक्षित शिक्षक केनियात मोठ्या संख्येने आहेत. तुम्ही विमानाचे तिकीट, विमा आणि मध्यस्थ संस्थेचे शुल्क यांवर जो खर्च करणार, त्यातून अशा एखाद्या शिक्षकाला काही महिने वेतन देता येईल, आणि तो मुलांच्या भाषेत बोलेल, पुढच्या वर्षीही तिथेच असेल. कंबोडियात काय झाले ते आठवावे. परदेशी पाहुण्यांचा आणि त्यांच्या पैशाचा ओघ वाढला तशी अनाथालये वाढली, आणि त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात होते. शाळा म्हणजे अनाथालय नव्हे, हे मान्य. पण पाहुणा आला की वर्ग थांबवून मुलांना गाणे म्हणायला उभे करायचे, हा प्रकार दोन्हीकडे सारखाच चालतो. सेवाच करायची तर मेळघाट काही फार लांब नाही.

नैरोबीकर
गेली अनेक वर्षे मी इथे नोकरीनिमित्त राहतो. मेळघाटाचा मुद्दा मला कधीच पटलेला नाही, कारण जो केनियाला जाण्याचे रद्द करतो तो धारणीची एसटी पकडतोच असे नाही. पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे.

आता तयारीविषयी. मृदुलाताई, आधी शाळेचे वेळापत्रक पाहा. इथले शैक्षणिक वर्ष जानेवारीत सुरू होते आणि एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी असते, त्यामुळे आपली सुट्टी लागताच निघालात तर कुलूप पाहून परताल. मेचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात बरा. दुसरे, जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना मिळतो, पण तो हिंडण्याफिरण्यासाठी आहे. मोबदला न घेता केलेले काम हेही इथल्या कायद्याने कामच ठरते, म्हणून वेगळा परवाना शाळेमार्फत काढावा लागतो. "सगळेच पर्यटक म्हणून येतात" असे मध्यस्थ सांगत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. तिसरे, पीतज्वराची लस. भारतातून येताना केनिया तिचा दाखला मागत नाही, म्हणून लोक ती टाळतात आणि परत जाताना अडकतात; केनियाहून येणाऱ्यांकडे भारत तो दाखला मागतो, नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस अधिकृत केंद्रातच मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो.

वर्गाची कल्पना असावी म्हणून सांगतो. मी पाहिलेल्या एका शाळेत दोन वर्गांमध्ये फक्त पत्र्याची भिंत होती. पलीकडे पाढे सुरू झाले की अलीकडच्या बाई बोलणे थांबवून फळ्यावर लिहू लागत. दुपारी मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवलेली गिथेरी मिळे, आणि काही मुले तेवढ्यासाठी येत. इमारतीकडेही डोळसपणे पाहावे : सप्टेंबर २०१९ मध्ये याच शहराच्या डागोरेट्टी भागात शाळेची इमारत कोसळून मुले दगावली होती. खालच्या इयत्तांत स्वाहिलीवाचून तुमचा निभाव लागणार नाही. चौथीपासून पुढे इंग्रजी चालते, त्यामुळे तुम्ही वर्ग ताब्यात घेण्याऐवजी तिथल्या गणिताच्या शिक्षकासोबत बसून पाठ आखावेत. तो मागे राहणार आहे.

मृदुला_के
शिक्षकासोबत काम करण्याची सूचना पटली आणि तसेच करायचे ठरवले आहे. विनायकराव, आपला हिशोब मात्र अर्धाच आहे. ज्या पैशाने मी तिकीट काढणार, तो न गेल्यास कोणा शिक्षकाच्या हाती पडणार नाही, हे आपणही जाणता. शिवाय चाळीस मुलांच्या वर्गात अपूर्णांक कसे शिकवावेत, यावर दोन शिक्षकांनी शेजारी बसून बोलणे पैसे पाठवून होत नाही. मुलांचे एकही छायाचित्र मी कुठे टाकणार नाही, हेही आताच सांगते.

विनायक_प
न गेल्यास पैसे कोणाच्या हाती पडणार नाहीत, हे तुमचे म्हणणे म्हणजे निवड आहे, नाइलाज नव्हे. छायाचित्रांबद्दल आदर वाटला. पण एक प्रश्न उरतोच : तुम्हाला बोलावले कोणी? शाळेने, की शुल्क घेणाऱ्या संस्थेने? गणिताच्या शिक्षकाला पाहुणा शेजारी बसलेला हवा आहे का, हे त्याला कोणी विचारले आहे का?

मृदुला_के
पत्र संस्थेचे आहे. आज मुख्याध्यापकांना थेट लिहिले असून त्यात हेच विचारले आहे, शिवाय परवाना शाळा काढणार का, तेही. त्यांचे उत्तर येईपर्यंत तिकीट काढणार नाही.