‘वेदरिंग विथ यू’: शेवटच्या चढावर हिना कशासाठी हात जोडते?

गोदाकाठची:
हा प्रश्न २०१९ पासून डोक्यात आहे, आज विचारतेच. शेवट उघड होणार आहे, सिनेमा पाहायचा राहिला असेल त्यांनी पुढे वाचू नका.

माकोतो शिंकाईचा हा जपानी अ‍ॅनिमेशन सिनेमा भारतात ११ ऑक्टोबर २०१९ला लागला, तोही ५० हजारांवर चाहत्यांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्यावर. मी आणि धाकटा भाऊ सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन पाहून आलो. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गंगेला पूर आला होता. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा झालेला, आणि आमचं दुकान भांडी बाजारात. घागरी, परातींना पुरानं काही होत नाही, पण काठाखाली जो गाळ बसतो तो निघता निघत नाही. चिंच लावून घासता घासता माझ्या बोटांची सालं निघाली होती.

आणि दोन महिन्यांनी पडद्यावर सोळा वर्षांचा होदाका म्हणतो, निळ्या आभाळापेक्षा मला हिना हवी, हवामान बिघडलं तर बिघडू दे. हिना म्हणजे प्रार्थनेनं ऊन आणणारी मुलगी; पाऊस थांबावा म्हणून ती आभाळात नाहीशी झालेली असते. तो तिला तिथून परत आणतो, आणि मग तीन वर्षं पाऊस थांबतच नाही. टोकियोचा मोठा भाग पाण्याखाली जातो. भावाला रडू आवरत नव्हतं. मी थिजून बसले होते. मला ती खालची घरं दिसत होती.

माझा प्रश्न मात्र त्याच्या निवडीबद्दल नाही. तीन वर्षांनी तो टोकियोतल्या ताबाताच्या चढावर येतो, तेव्हा हिना बुडालेल्या शहराकडे तोंड करून हात जोडून उभी असते. ती काय मागत असते? ऊन? माफी? आणि तिची शक्ती अजून आहे का?

पागोळी:
शक्ती गेली, असं मी मानतो. तिच्या गळ्यातला पट्टा आठवा. सुटका झाल्यावर तो तुटलेला दिसतो आणि शेवटच्या प्रसंगात गळा मोकळा आहे. आता तिच्या प्रार्थनेनं ढग हलत नाहीत, म्हणजे तिला त्याची किंमतही मोजावी लागत नाही. आधी प्रत्येक उन्हामागे तिचं शरीर थोडं थोडं पारदर्शक होत होतं. आता ती कुठल्याही मुलीसारखी हात जोडू शकते. मला तो आनंदाचा शेवट वाटतो.

सिडकोचा_वाचक:
पागोळी, पट्ट्याचं पटलं, आनंदाचं नाही पटलं. आभाळातून खाली येताना होदाका तिला काय सांगतो? स्वतःसाठी प्रार्थना कर. पूर्ण सिनेमाचा कणा ते वाक्य आहे. आणि तीन वर्षांनी ती परत शहराकडेच तोंड करून उभी! म्हणजे ते ओझं तिच्या डोक्यावरून उतरलंच नाही. ती अठरा पूर्ण होणार म्हणून सांगते आणि निघते पंधराची. पंधरा वर्षांच्या पोरीनं स्वतःला संपवून शहराला ऊन द्यावं, ही अपेक्षाच मुळात अमानुष होती. ताई, तुमच्या दुकानाचं वाईट वाटतं, पण गाळ निघतो.

गोदाकाठची:
गाळ निघतो, हे खरं आहे. आणि तिनं मरायला हवं होतं असं मी एकदाही म्हटलं नाही. मला अडतं ते होदाकाच्या शेवटच्या वाक्यापाशी. ‘आपलं सगळं ठीक होईल.’ कुणाचं ठीक होईल?

पागोळी:
पण त्याआधी दोन मोठी माणसं त्याला सुटका देऊ करतात, ते बघा. ती म्हातारी (शिंकाईच्याच आधीच्या ‘युअर नेम’ सिनेमातल्या ताकीची आजी) म्हणते, इथे पूर्वी समुद्रच होता, तसंच परत झालं. होदाकाला काम आणि आसरा देणारा सुगा म्हणतो, जग तुम्ही बदललंत असं समजू नकोस, ते आधीपासूनच वेडं आहे. होदाका हेच हिनाला सांगायचं ठरवून चढ चढतो. तिला हात जोडलेलं बघतो आणि ते सगळं टाकून देतो. नाही, आम्हीच बदललं, मी निवडलं. तो जबाबदारी झटकत नाही. ‘ठीक होईल’ त्यानंतर येतं.

गोदाकाठची:
हा क्रम माझ्या लक्षात नव्हता. रात्री तेवढा भाग दोनदा पाहिला. तुमचं बरोबर आहे, ती आधी दिसते आणि मग त्याचा विचार पालटतो. म्हणजे तिची प्रार्थना काय आहे ते त्यालाही माहीत नाही, तरी तिला पाहूनच तो बदलतो.

ते बघताना आजी आठवली. पूर ओसरल्यावर दुकानात अजून ओल होती, वडील वखारवाल्याशी बोलत होते, आणि ही बाई खण-नारळ घेऊन गंगेची ओटी भरायला निघाली. मला राग आला होता. जिनं आपलं दुकान बुडवलं तिची ओटी? रामकुंडावर पायऱ्यांना अजून चिखल होता, मी तिचा दंड धरून उभी होते. परतताना विचारलं, काय मागितलंस? म्हणाली, “मागायचं काय? आली होती, भेटून आले.”

सिडकोचे दादा, तुम्ही म्हणता ते ओझं मला आता त्या चढावर दिसत नाही. तिच्या हातात आता काही नाही, तरी ती रोजच्या वाटेवर थांबून त्या पाण्याकडे बघते, पाठ फिरवत नाही. ऊन मागत नसावी, माफीही नसावी.

होदाकाचं ‘ठीक होईल’ मात्र मला अजून जड जातं. ते आजी म्हणाली असती तर चाललं असतं. तो एकोणीसचाही नाही.

सिडकोचा_वाचक:
ताई, आजींचं वाचून मी माझं ओझ्याचं वाक्य मागे घेतो. पंधराचं घेत नाही.