बिअरच्या लेबलवरची नावं: नक्की काय समजायचं?

कोथरूडचा_पंप
परवा बाणेरला एका ब्रू-पबमध्ये मेव्हण्याने 'हेफेवाइत्सेन' मागवली. पहिल्याच घोटाला पिकलेल्या केळ्याचा वास, वर रंग गढूळ. मी म्हटलं ही उतरलेली आहे, आणि ग्लास परत पाठवला. वेटर म्हणाला, "सर, ती अशीच असते." मेव्हणा अजून हसतोय.

तेव्हापासून बाटल्यांवरची नावं वाचतोय. विटबिअर, कोल्श, स्टाऊट, आयपीए. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, तर ती इथे बनायची का? आणि काळी ती स्टाऊट, पिवळी ती लागर, एवढं तरी बरोबर ना?

माल्टवाला
वेटरचं बरोबर होतं. हेफे म्हणजे यीस्ट, वाइत्सेन म्हणजे गहू. यीस्ट गाळत नाहीत म्हणून गढूळ. केळं आणि लवंगेचा वास त्या यीस्टचाच, केळं कोणी घालत नाही. विटबिअरही गव्हाचीच, पण बेल्जियमची, आणि तिच्यात मात्र खरंच धने आणि संत्र्याची साल पडते. मी घरी करून पाहिली तेव्हा धने जरा जास्त कुटले गेले. बायको म्हणाली, फोडणी तेवढी राहिली.

रंगाचं डोक्यातून काढा. 'लागर्न' म्हणजे जर्मनमध्ये साठवणं: गारव्यात सावकाश आंबवायची आणि आठवडेच्या आठवडे थंडीत मुरू द्यायची. श्वार्त्सबिअर काळीकुट्ट असते, तरी लागरच. स्टाऊट म्हणजे मुळात दणकट. लंडनच्या हमालांची आवडती ती पोर्टर, त्यातली कडक ती स्टाऊट पोर्टर. पुढे 'पोर्टर' गळून पडलं. आज ड्राफ्ट गिनेस, म्हणजे आयर्लंडची प्रसिद्ध स्टाऊट, ४.२ टक्के अल्कोहोलची आणि आपल्याकडची 'स्ट्राँग' ८ पर्यंत. आता दणकट कोण ते तुम्हीच ठरवा.

आयपीए इथे बनत नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीचा हॉजसन आपली फिकट, भरपूर हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढवायचा. ब्रुअरी गोदीजवळ होती आणि कप्तानांना तो उधारीवर माल द्यायचा, खरी मेख ती. आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून येईतो चार-सहा महिने जायचे, पिंपात बिअर मुरायची. प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट मला पटत नाही. पोर्टरही त्याच जहाजांतून यायची आणि नीट पोचायची. लेबलवरचं 'इंडिया' म्हणजे गिऱ्हाइकाचा पत्ता!

राईनकाठ
कोल्शबद्दल मी बोलतो, सहा वर्षं जर्मनीत कोल्नमध्ये आहे, ती तिथलीच बिअर. १९८६ साली इथल्या ब्रुअरींनी करार केला आणि युरोपात हे नाव कोल्न परिसराबाहेर कोणी लावू शकत नाही. म्हणजे आपल्याकडे 'कोल्श' लिहिलेली दिसली तर 'त्या धर्तीची' एवढंच समजा. २०० मिलीच्या उभट ग्लासात देतात, आणि ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो, ग्लासखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. थांबायचं तर ती चकती ग्लासवर ठेवायची. सासरे आले होते, त्यांना वाटलं फुकट आहे. अकरा रेघा झाल्या.

नाशिककर
थोडं अवांतर. पुण्यात २००९ साली 'डूलॅली' ही ब्रुअरी निघाली, ते नाव आमच्या देवळालीचं. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथल्या छावणीत गोरे सोल्जर भ्रमिष्ट व्हायचे, म्हणून इंग्रजीत डूलॅली म्हणजे डोकं फिरलेला.

कोथरूडचा_पंप
अकरा! सासऱ्यांना दंडवत. शनिवारी मेव्हण्याला घेऊन परत जातोय, हेफे मीच मागवणार. तोच वेटर नसला म्हणजे मिळवली.