अ‍ॅनोड झिजत नाही, ही काळजीची गोष्ट

जुन्या मोटर यॉटचा जस्ताचा अ‍ॅनोड, म्हणजे बाकीचे धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा, समुद्रात वर्षभर राहूनही नव्यासारखा आहे म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. भाऊ, मला त्याचीच भीती वाटते! तो झिजायलाच हवा. झिजत नसेल तर बहुधा बाँडिंगची, म्हणजे अ‍ॅनोडला पाण्याखालच्या धातूच्या भागांशी जोडणारी वायर कुठेतरी सुटली आहे आणि पाण्याखालचे व्हॉल्व्ह खाल्ले जाताहेत. पितळ गुलाबी दिसलं तर त्यातलं जस्त गेलं समजा.

मी नागपुरात घरांच्या अर्थिंगची कामं करतो. इथे मे महिन्यात खड्डा कोरडा पडून अर्थिंग कमजोर होतं. बोटीत उलट, खारा ओलावाच जोड कुजवतो. मल्टिमीटरने अ‍ॅनोडच्या बोल्टपासून प्रत्येक फिटिंगपर्यंत विजेचा रोध मोजा. १ ओहमच्या वर गेलं की टर्मिनल घासून कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर टाका. अ‍ॅनोडवर रंग मात्र कधीच लावू नका.