गावातून खरेदी करू, पण पक्क्या बिलाचे काय?

गिरणाकाठ (धागाकर्ता):
पोळ्यापासून जळगावातल्या आमच्या प्रत्येक गटात एकच संदेश फिरतो आहे. गावातल्या दुकानात खर्च केलेला रुपया गावातच फिरतो, त्यावरचा कर गावाच्या विकासाला लागतो आणि मोबाइलवरून माल मागवणारा माणूस गावाच्या मुळावर उठला आहे, असे त्यात म्हटले आहे. यातले पहिले विधान अर्धे खरे, दुसरे चुकीचे आणि तिसरे उद्धट आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करातला राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला मिळतो. त्यामुळे बंगळुरूहून मागवलेल्या कुकरवरचा तो वाटाही महाराष्ट्रालाच येतो. कच्च्या चिठ्ठीवर विकलेल्या मालाचा कर मात्र कोणाच्याच तिजोरीत पोहोचत नाही.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. गेल्या वर्षी बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानातून ३,२०० रुपयांचा मिक्सर घेतला. ‘पक्के बिल घेतले तर १८ टक्के वर पडतील, भाऊ’ असे सांगून दुकानदाराने वहीच्या फाडलेल्या पानावर आकडा लिहून दिला. सातव्या महिन्यात दाण्याची चटणी वाटताना मोटर जळाली. सेवा केंद्राने बिल मागितले, तेव्हा मी ते पान पुढे केले आणि काउंटरवरची मुलगी हसू दाबू लागली. दुकानदाराने तर मला ओळखच दाखवली नाही.

शटर अर्धे उघडे (भुसावळ):
तुमच्या मिक्सरचे दुःख कळले, परंतु करावर व्याख्यान देण्याआधी थोडी चौकशी केली असती तर बरे झाले असते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला दुकानदार कंपोझिशन योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. तो उलाढालीवर १ टक्का कर स्वतः भरतो आणि ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. बिलावर कर दिसला नाही म्हणजे चोरीच झाली, असे नसते.

आणि रुपया गावात कसा फिरतो, ते माझ्या वडिलांच्या खतावणीत पाहा. तीत चाळीस वर्षांची उधारी आहे. पेरणीला पाइप आणि मोटर न्यायची आणि कापूस विकला की पैसे द्यायचे, हा तेव्हाचा व्यवहार होता. घेणाऱ्याने संकोच केला, तर वडील म्हणत, ‘पैसा कोठे पयी ऱ्हायनात?’ म्हणजे पैसे कुठे पळून चाललेत? तुमचे ॲप बोंडअळीच्या वर्षी पैशांसाठी थांबते का? आज हीच माणसे माझ्या दुकानात पंखा हाताळून बघतात, मॉडेलचा फोटो काढतात आणि माझ्या खरेदीपेक्षा कमी भावात तो बाहेरून मागवतात. वर पुन्हा पंखा लावून देण्यासाठी माणूस मलाच मागतात!

केळीचा घड (रावेर तालुका):
उधारीचे एवढे कौतुक करणाऱ्यांनी तिचा भाव किती लागत होता, तेही सांगावे. उधारीवर खत नेले की रोखीपेक्षा जास्त दर लागतो, आणि माल त्याच व्यापाऱ्याला घालावा लागतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा सर्वांना अभिमान आहे. परंतु बोर्डावर एक भाव लागतो आणि बागेत कापणीला आलेला व्यापारी दुसराच भाव देतो, तेव्हा तो व्यापारीही स्थानिकच असतो. आमच्याकडून पडेल भावात घेतलेला माल वेफर्स होऊन पाकिटात आला, की ‘स्थानिकांकडून घ्या’ हा उपदेश पुन्हा आम्हालाच ऐकावा लागतो.

शटर अर्धे उघडे:
खताचा आणि केळीचा राग मिक्सरच्या धाग्यावर काढू नका. माझ्या खतावणीतले पावणेदोन लाख बुडाले आहेत, त्यांचे व्याज कोणाकडून घेऊ, तेवढे सांगा.

बिबड्यांची ताई (अमळनेर):
तुम्हा तिघांच्या भांडणात माझा धंदा बसत नाही, म्हणून लिहिते. आमच्या बचतगटात उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे वाळवणाचे पापड, होतात. पहाटे चार वाजता पीठ शिजवून उन्हे चढण्यापूर्वी गच्चीवर ओल्या कापडावर ते थापावे लागतात. गावातले गिऱ्हाईक डझनामागे दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करते, तर पुण्यातले खान्देशी लोक मोबाइलवरून मागवतात आणि पैसे आधी भरतात. आमच्या अमळनेरच्या बायकांची घरे त्या बाहेरच्या मागणीवर चालली आहेत. मग आम्ही स्थानिक आहोत की नाही, हे एकदा ठरवून टाका.

गिरणाकाठ:
ताईंचा मुद्दा मान्य आहे. भुसावळच्या साहेबांचा कंपोझिशनचा मुद्दाही, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. मात्र मला साधे बिल ऑफ सप्लायही मिळाले नव्हते, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत ठरलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणेही तसेच आहे. तरीही ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी प्रत्येक दुसऱ्या दुकानात लक्ष्मीच्या फोटोखाली टांगलेली दिसते.

शटर अर्धे उघडे:
ती पाटी माझ्या दुकानातही आहे. उद्या काढतो, म्हणजे आपल्या जिवाला शांतता लाभेल. बिलही प्रत्येकाला देईन, मात्र बिलाशिवायचा भाव पाडून घेतल्यानंतर ते मागू नका. आता एका प्रश्नाचे सरळ उत्तर द्या. तो मिक्सर सध्या कुठे आहे?

गिरणाकाठ:
घरीच आहे आणि चालू आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या वायंडिंगवाल्याने ६५० रुपयांत मोटर भरून दिली. सेवा केंद्राने नव्या मोटरचे १,४०० सांगितले होते. त्याने बिल दिले नाही आणि, खरे सांगायचे तर, मीही मागितले नाही.